कुकर पडला का

माझ्या धाकट्या भावाला थांबणं कधी जमलंच नाही. चहा तोंड पोळेल असा प्यायचा, एसटी उभी राहायच्या आत खाली उडी मारायचा, आणि कुकर अजून फुसफुसत असताना झाकणाला हात घालायचा. बारावीनंतर तो देवगाव रंगारीहून माझ्याकडं उस्मानपुऱ्यात राहायला आला, तेव्हा मायनं त्याच्या पिशवीत भाकरी न् ठेचा बांधून दिला आणि मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "ह्याला सांभाळ माय. ह्याला दम निघत नाय." मी म्हटलं, सांभाळते. मला वाटलं, संगत आणि सिनेमा एवढंच सांभाळायचं असेल.

मी तेव्हा वाळूजला रबराच्या एका कारखान्यात हापिसात होते. गाड्यांना लागणारे रबरी पाइप तिथं बनायचे. माझं काम टायपिंगचं, पण मराठी आणि इंग्रजी घेऊन बीए झाले होते, म्हणून कुठलाही कागद या भाषेतून त्या भाषेत न्यायचा असला की तो माझ्याच टेबलावर येऊन पडायचा. त्याचा पगार वेगळा नव्हता, कौतुक तेवढं होतं. भाऊ घरी बसून माझं डोकं खायला लागला, तेव्हा मीच मालकांकडं शब्द टाकला आणि त्याला चिकटवलं. त्याला काम मिळालं चेंबरवर.

चेंबर म्हणजे आडवी ठेवलेली लोखंडी टाकी, माणूस न वाकता आत जाईल एवढी. कच्चा माल आत ढकलायचा, गोल दार लावून वरचं चाक आवळायचं, आत वाफ सोडायची, आणि रबर शिजलं की वाफ बाहेर काढून दार उघडायचं. शिजलं, असंच सगळे म्हणायचे. ते दार उघडायचं काम माझ्या भावाचं. आत थोडी जरी वाफ उरली आणि कुणी चाक सैल केलं, तर दार समोरच्या माणसाला घेऊनच भिंतीवर जाणार. हे मला तो कामाला लागल्यावर कळलं. देवगावला गेले की माय विचारायची, काम कसं हाय त्याचं? मी म्हणायचे, सावलीतलं आहे.

त्याच सुमाराला एक सरकारी तपासनीस आले. भिंतीवरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत बघून त्यांनी मालकांना विचारलं, हे वाचणार कोण? मग काय, मशिनीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक माझ्यापुढं आदळलं. मी धडाधड करत सुटले. हातमोजे घाला, जमिनीवर तेल सांडू देऊ नका, विडी ओढू नका. करता करता चेंबरच्या दाराचं वाक्य आलं. आत उरलेला दाब पुरता 'डिसिपेट' झाल्याखेरीज दार उघडू नये. तिथं माझी गाडी अडली.

शब्द ओळखीचा होता, पण ओळख लांबची. कॉलेजात कुठल्याशा धड्यात बापाची इस्टेट डिसिपेट करणारा एक माणूस भेटला होता, म्हणजे उधळ्या. डिक्शनरी उघडली तर तिथं हा भरला बाजार. पांगणं, विरणं, उधळणं, नाहीसं होणं. धुकं डिसिपेट होतं, गर्दी होते, उष्णता होते, राग होतो आणि बापाची इस्टेटही होते. मला मोठी गंमत वाटली. इतक्या सगळ्या जाण्याला इंग्रजांना एकच शब्द पुरतो कसा? आपल्याकडं तर जी ती गोष्ट आपापल्या चालीनं जाते. धुई फिटते. बाजार मोडतो. सूज ओसरते, ताप उतरतो, अत्तर उडतं. पाणी जिरतं, आणि एखाद्याची रगसुद्धा जिरते. मग दाब काय करतो?

हा प्रश्न मला चावला. आणि मला एखादा प्रश्न चावला की मी चार माणसांना चावते, हे आमच्या घरचं कुणीही सांगेल.

पहिल्या सापडल्या घरमालकीण खाला. त्या खाली राहायच्या, आम्ही वरच्या दोन खोल्यांत. संध्याकाळी त्या जिन्यात बसून भाजी निवडायच्या, तिथं मी त्यांना गाठलं. त्यांचे वडील शहागंजात अत्तर विकायचे. नवं गिऱ्हाईक आलं तर ते लगेच बाटली देत नसत. कापसाचा बारीक फाया अत्तरात बुडवायचे, गिऱ्हाइकाच्या कानात खोचायचे आणि म्हणायचे, जाव, बाजार घूम के आव. पहिला भपकारा रस्त्यात उडून जातो, मागं उरतं ते खरं अत्तर, ते पटलं तर घ्या.

"पण खाला, सगळं उडालं असं कधी म्हणायचं?"

खालांनी मान हलवली. "पूरा कब उडता बेटा. अब्बा की सदरी संदूक में है, उस में अब्बी थोडा है."

मग मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली आणि त्या भलतंच बोलू लागल्या. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या लहान होत्या. त्यानंतर त्यांचे दोन चाचे हैदराबादला गेले आणि एक कराचीला. ईदला एका दस्तरखानावर बसणारं घर ते. "सब बिखर गए," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. डिक्शनरीत हाही अर्थ होता. मी सकाळी तो वाचून पुढं गेले होते. मला लई वाईट वाटलं. मीही त्यांच्याशेजारी बसून मेथी निवडली.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बसमध्ये मी चेंबरवरच्याच एका कन्नड तालुक्याकडच्या माणसाला धरलं. तो म्हणाला, "आक्का, जत्रंतली माणसं पांगत्यात. दाब कुठं पांगंल? त्यो तर टाकीत कोंडलेला हाय." बोलणं बरोबर होतं. रविवारी गावाकडं गेले तर मायला विचारलं. ती चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "गेलं म्हंजी गेलं. त्याच्यात काय इच्यारायचं?" मालक दोनदा बोर्डाचं विचारून गेले होते. शेवटी मी वैतागले आणि बीएच्या डिगरीला शोभेल असं वाक्य ठोकून दिलं. अवशिष्ट दाब पूर्णतः विसर्जित झाल्याखेरीज द्वार उघडू नये.

पेंटरनं ते लाल अक्षरांत झकास रंगवलं. मालक खूश. तपासनीसही खूश. चेंबरवरची माणसं मात्र मी दिसले की हात जोडायची. "आक्का, दाबाचं इसर्जन कुठं करायचं? हर्सूलच्या तळ्यात का इथंच?" माझा भाऊ त्यांच्यात सगळ्यात पुढं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, पण त्यांचं चुकलं होतं असं काही मला म्हणता येईना.

म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत स्वतः चेंबर बघायला गेले. म्हटलं, बघू तरी ही माणसं वाफ गेली हे ओळखतात कसं. विचारलं तर प्रत्येकाचं निराळं. फोरमन चाचा म्हणाले, "कान से." वाफेचा मोठा नळ उघडला की बाहेरच्या पाइपातून सूंऽ आवाज येतो, तो बंद पडला की झालं. कन्नडकडचा म्हणाला, आपण काटा बघतो, घड्याळासारखी ती तबकडी आहे ना, तिच्यावर. तिसरा एक जण नळ उघडून बाहेर जायचा, विडी ओढायचा आणि विडी संपली की परत यायचा. विडी ओढू नका हा बोर्डही मीच लिहिला होता, पण ते जाऊ द्या. मी भावाला विचारलं, "आणि तू?"

"आपला अंदाज असतो," तो म्हणाला.

हे चारही जण शहाणे होते आणि चारही जणांचं आजवर धकून गेलं होतं. दाराला खालच्या अंगाला एक बारका कॉक होता, म्हणजे छोटी तोटी, तो उघडला की आत काही उरलंय का ते तोंडावरच कळतं. पुस्तकात तो होता. तो वापरता का, असं विचारलं तर चाचा हसले. उगाच चटका कोण घेणार?

त्या रात्री जेवायच्या वेळेला भाऊ डाळीचा कुकर उतरवत होता आणि मी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते. सवयीनं मी आतल्या बाजूला आवाज दिला, "कुकर पडला का?"

हे आमच्याकडं रोजचं होतं. तो राहायला आला त्याच आठवड्यात त्यानं कुकर घाईनं उघडला होता आणि डाळ छतापर्यंत गेली होती. छतावर तो पिवळा डाग कायमचा राहिला. खाला येता-जाता वर बघून उसासा टाकायच्या. तेव्हापासून मी नियमच केला. मी विचारणार, कुकर पडला का? त्यानं दोन बोटांनी शिट्टी वर उचलायची. फुस्स झालं तर पडला नाही. काहीच नाही आलं तर पडला, मग झाकण काढ. तो कुरकुर करायचा, पण दोन बोटं आपोआप उठायची.

हातात ओले कपडे घेऊन मी तशीच उभी राहिले. इतके दिवस मी गावभर जे विचारत हिंडत होते, ते माझ्याच स्वयंपाकघरात पडलं होतं. दाब पडतो. अत्तर उडत राहतं, माणसं पांगून वर्षानुवर्षं पांगलेलीच राहतात, त्याला शेवट कुठं ते कुणाला सांगता येत नाही. कुकरला मात्र शेवट आहे, आणि तो आला का हे शिट्टी उचलून बघायचं असतं, अंदाजानं ठरवायचं नसतं. मला इतका आनंद झाला की भावावरचा उरलासुरला रागही गेला.

सकाळी मालकांपुढं नवं वाक्य ठेवलं. कुकर पडल्याशिवाय दार उघडू नका, पडला का ते बारका कॉक उघडून बघा. मालकांनी चष्मा काढला. "मॅडम, पुण्याहून पार्ट्या येतात आपल्याकडं. भिंतीवर स्वयंपाकघर लिहायचं का?" मी समजावलं, भांडले, टेबलावर हातसुद्धा आपटला. त्यांनी ऐकलं नाही. विसर्जनच राहिलं भिंतीवर.

मग मी दुसरा मार्ग धरला. मालकांपुढं हात टेकले तरी भाऊ माझाच होता. रोज सकाळी बसमध्ये चढताना मी त्याला दोन बोटं उचलून दाखवायची. चारचौघांत. तो ओशाळायचा, मित्र दात काढायचे. "आक्का काय म्हणत्यात रे?" तो म्हणायचा, "काय नाय, येडी हाय." म्हणू दे. माझा जीव दिवसभर टांगणीला असायचा, शिफ्ट सुटून तो बसमध्ये दिसला की खाली यायचा.

असं करता करता खंडेनवमी आली. त्या दिवशी काम अर्धाच दिवस, मग मशिनींची पूजा. आपल्याकडं मशिनीला नुसतं फूल वाहून कुणाचं भागत नाही. पोरांनी सकाळपासून सगळा कारखाना नटवला. प्रेसला हार, लेथला हार, माझ्या टाइपरायटरलासुद्धा हळदीकुंकू. चेंबर तर मानाचं मशीन. त्याला कुणीतरी हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, आणि भक्ती जरा जास्तच होती, कारण ती बरोबर काट्याच्या काचेवर ओढली. झेंडूचा एवढा जाड हार वरून सोडला, तो दारावरून खाली बारक्या कॉकपर्यंत लोंबत होता. शेडच्या तोंडाशी ताशेवाले.

सकाळचा शेवटचा माल आत शिजून तयार होता. चेंबरचा नारळ दार उघडून त्याच्या उंबऱ्यावर फोडायची तिथली रीत, म्हणून सगळे तिथं जमले. मालकांच्या बायकोच्या हातात आरतीचं ताट. मी बायकांच्या घोळक्यात पेढ्यांचं ताट घेऊन दारापासून बऱ्याच लांब उभी. मालकांनी ताशेवाल्यांना हात केला आणि भावाला म्हणाले, उघड.

वाफेचा आवाज येत नव्हता. सगळ्यांना वाटलं, गेली. काटा कुणाला दिसत नव्हता आणि पूजेच्या दिवशी विडी कुणी ओढलेली नव्हती. आणि माझा भाऊ, ज्याला दम निघत नाही, त्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले.

मी ओरडले. ताशापुढं माझंच मला ऐकू आलं नाही. माझ्यापुढं माणसांची भिंत, हातात ते मेलं ताट. कसं कोण जाणे, चाकाला जोर लावायच्या आधी त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. आपण सगळ्यांच्या मधोमध उभे आहोत हे आक्कानं बघितलं का, एवढंच त्याला बघायचं होतं, असं तो नंतर म्हणाला. मी ताट एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर उचलली.

त्यानं तोंड वाकडं केलं. मान हलवली. मग मला खूश करायचं म्हणून, निव्वळ माझं तोंड बंद राहावं म्हणून, बाजूला सरून हार हातानं सारला आणि बारका कॉक फिरवला.

किंकाळीसारखा आवाज करत वाफ बाहेर आली. हार तुटला. झेंडूच्या पाकळ्या पत्र्यापर्यंत उडाल्या आणि सगळ्यांच्या डोक्यांवर, आरतीच्या ताटात, माझ्या पेढ्यांवर येऊन पडल्या. ताशे थांबले. वाफ येतच राहिली, बराच वेळ.

चाचांनी खांद्यावरच्या रुमालानं काचेवरचं कुंकू पुसलं. काटा अजून वर होता. मग ते मागं गेले आणि आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. आधी हापिसातल्या देवाची आरती झाली, तेव्हा तो सूंऽ आवाज मधे येत होता म्हणून कुणीतरी मोठा नळच बंद करून टाकला होता. आरतीत आवाज नको म्हणून. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि चाचांनी विचारलंही नाही.

भाऊ खाली फरशीवर बसला. दोन्ही हात पुढं धरून बघत होता, जणू ते आत्ताच कुणी आणून दिले होते. मी ताट टाकून गेले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा घातला. मग मला रडू फुटलं आणि सगळ्या कारखान्यापुढं मी त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले. तो म्हणाला, "आक्का, पडला नव्हता गं."

दसरा करून सगळे कामावर आले, तेव्हा विसर्जनाच्या बोर्डाखाली वेड्यावाकड्या पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली होती. कुकर पडला का? रंग पेंटरनं ठेवलेल्या डब्यातला, अक्षर कन्नडकडच्याचं. मालक आले, त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि निघून गेले. पुढं पुण्याची पार्टी आली, त्यातल्या एका मद्राशी साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, ही खालची ओळ काय आहे? मी म्हटलं, डिसिपेट. ते म्हणाले, अच्छा, आणि पुढं गेले. तेवढ्या एका शब्दासाठी मी काय काय हिंडले होते ते त्यांना कुठं सांगत बसू.

भाऊ आता चाकणला असतो. केस पांढरे झाले, पोरगी कॉलेजात गेली, पण काम वाफेचंच, बॉयलरवर. माय माझ्याकडं असते. संध्याकाळी शिफ्ट सुटली की त्याचा फोन येतो. मी हॅलो म्हणत नाही, मी विचारते, कुकर पडला का? तो म्हणतो, पडला. कधी त्याला उशीर होतो, गाडी अडकते, फोन लागत नाही, तेव्हा माय ताटावर बसून माझ्यावर चिडते. "रोज काय त्या कुकरचं इच्यारती गं त्याला? त्याच्या घरात बायको नाय का सैपाकाला?" मी तिला म्हणते, आमचं असंच आहे. भात निवत जातो. फोन वाजतो, तिकडून तो म्हणतो, पडला आक्का, आणि मग मी मायला वाढते.